रशियन माणूस काय म्हणतो?

२०२२च्या फेब्रुवारीपासून सांगलीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न द्राक्षाच्या दराचा नाही. ‘तुमचा रशियन माणूस काय म्हणतो?’ हा आहे. लग्नात, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही ओळखीचं कुणी भेटलं की हालहवाल होते आणि लगेच हा प्रश्न येतो. त्याला कारण आहे. मी द्राक्षनिर्यातीत काम करते, आमचा बराच माल रशियाला जातो आणि मला रशियन बोलता येतं.

भाषा मी आवडीनं शिकले. लहानपणी आमच्या घरात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं होती, प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची. जाड कागद, रंगीत चित्रं आणि किंमत एवढी कमी की शिक्षकाच्या पगारात सहज बसावी. ती वाचून वाचून बर्फ आणि लाकडी घरं मला कृष्णाकाठासारखी ओळखीची झाली. कृषी पदवीनंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात नाव घातलं. पुढं तासगाव भागातल्या एका निर्यातदाराला द्राक्षही कळतं आणि रशियनही येतं असं माणूस हवं होतं. त्या दिवसापासून मालाची तपासणी, कागदपत्रं आणि खरेदीदारांशी बोलणं ही माझी कामं झाली. जानेवारी ते एप्रिल त्यांची माणसं आमच्याकडं येतात. कंटेनर पोहोचल्यावर कधी तक्रार निघाली किंवा पुढच्या हंगामाचा करार करायचा असला की मी तिकडं जाते.

इतक्या वर्षांत रशियन माणसांचं बोलणं मी पॅकिंग हाउसमध्ये ऐकलं, बागेच्या बांधावर ऐकलं, गाडीत ऐकलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरातही ऐकलं. एकाच माणसाचं बोलणं या चार ठिकाणी चार प्रकारचं असतं, हे कळायला मला बरेच हंगाम लागले. आमच्या धंद्यात पेटीच्या वरच्या थरावरून माल पास करत नाहीत, खालचा घड उचलून बघावा लागतो. माणसाच्या मताचंही तसंच आहे. पण तो घड उचलायचा अधिकार आपल्याला दर वेळी असतोच असं नाही, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

द्राक्षाचं आणि त्या मुलखाचं नातं जुनं आहे. आमच्या भागाचा मान तास-ए-गणेशचा. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली ती जात. पण काळ्या द्राक्षातली शरद सीडलेस ही सोलापूरकडच्या नान्नजची जात किशमिश चोर्नी या वाणातून आलेली, आणि किशमिश चोर्नी आलं सोव्हिएत मुलखातून. पीटर्सबर्गहून येणाऱ्या एका तपासनीस बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘आजोबांचे मित्र ताश्कंदहून पेटी पाठवायचे.’ त्या पन्नाशीच्या आहेत आणि कामात अत्यंत कडक. रिफ्रॅक्टोमीटरवर रस टाकून गोडी सतरा ब्रिक्सच्या खाली दिसली की लॉट बाजूला. देठ तपकिरी दिसला, लॉट बाजूला. बागायतदार त्यांना घाबरून असतात. त्यांच्याबद्दल पुढं बरंच लिहायचं आहे, कारण मला जे काही कळलं त्यातलं पुष्कळ त्यांच्यामुळंच.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा आमचा हंगाम भरात होता. काही कंटेनर समुद्रात होते, काही न्हावाशेवाला, काही माल प्रीकूलिंगमध्ये आणि बाकीचा वेलीवर. १ मार्चला मोठ्या जहाज कंपन्यांनी रशियाची नवी बुकिंगं थांबवली. रशियातल्या काही बँका आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या जाळ्यातून बाहेर काढल्या गेल्या. युद्धाआधी एका डॉलरला पंचाहत्तर-ऐंशी रूबल पडायचे, मार्चच्या मध्यापर्यंत एकशेवीस पडू लागले. द्राक्ष म्हणजे लोखंड नव्हे. शून्याजवळच्या तापमानात, पेटीत सल्फरचा पॅड घालूनही त्याला मर्यादित आयुष्य असतं. त्या पंधरवड्यात बागायतदार आमच्या दारात बसून असायचे. मी दिवसभर फोनवर रशियन बोलायची आणि बाहेर येऊन मराठीत तेच सांगायची. पैसे येतील, वाट बघा, माल तोडू नका.

त्या दिवसांत तिकडच्या एकाही माणसानं युद्धाबद्दल शब्द काढला नाही. मला त्याचा राग आला होता. इतकी मोठी गोष्ट घडते आहे आणि हे पेटीच्या आकाराबद्दल बोलतायत! नंतर उलगडा झाला. ४ मार्चला तिथं कायदा झाला होता. सैन्याबद्दल सरकारला खोटी वाटेल अशी माहिती पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा. आमची सगळी बोलणी फोनवर आणि मेसेजवर चालायची. माणसं पेटीच्या आकाराबद्दल बोलत होती, कारण फोनवर बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं. आणि पैसे आले. उशिरा आले, तिसऱ्याच देशातल्या बँकेतून फिरून आले, पण आले. त्यासाठी कुणी किती धावपळ केली ते मला पुढं समजलं. त्या माणसांविषयी माझ्या मनात आजही आदर आहे.

मॉस्कोत आमच्या खरेदीदाराकडं एक ड्रायव्हर होते. साठीच्या पुढचे, मूळचे व्होल्गोग्राडचे. शहराबाहेरच्या गोदामापासून फूड सिटी नावाच्या अवाढव्य घाऊक बाजारापर्यंत ते मला फिरवायचे. क्रेमलिनजवळून जाताना त्यांच्या फोनवरचा नकाशा वेडावाकडा व्हायचा आणि आपण विमानतळावर आहोत असं दाखवायचा. उपग्रहाचे संदेश तिथं मुद्दाम बिघडवतात हे त्यांना माहीत होतं. ते फोन पालथा ठेवायचे आणि आठवणीनं गाडी हाकायचे. राजकारण हा त्यांचा विषय नव्हता. ‘वरच्यांना जास्त माहीत असतं,’ एवढंच म्हणायचे. सरकारवर त्यांचा विश्वास होता आणि तो कुठून आला हेही त्यांनी सांगितलं. नव्वदच्या दशकात ते ज्या कारखान्यात होते तिथं महिनोन्‌महिने पगार झाला नाही. मग पगाराऐवजी कारखान्यानं भांडी दिली. बायको ती भांडी घेऊन रस्त्याकडेला विकायला बसायची. १९९८च्या ऑगस्टमध्ये रूबल कोसळला आणि साठवलेलं होतं नव्हतं तेही गेलं. आता पेन्शन पहिल्या आठवड्यात येते. ‘मला आणखी काय पाहिजे?’ असं त्यांनी मला विचारलं होतं. ज्या बाईनं रस्त्यावर भांडी विकली तिच्या नवऱ्याला लोकशाहीवर भाषण द्यायची माझी तरी छाती झाली नाही.

एकदा त्यांना अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दल सांगितलं. आमच्या जिल्ह्यातल्या वाटेगावचा, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला माणूस. त्यानं ऐन महायुद्धात स्टॅलिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, पुढं १९६१मध्ये रशिया पाहिला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा १४ सप्टेंबर २०२२ला बसला. ड्रायव्हरकाकांनी गाडी कडेला घेतली. स्टॅलिनग्राड म्हणजेच त्यांचं व्होल्गोग्राड. आजोबा तिथंच पडले, थडगं नाही. मामायेव टेकडीवर मातृभूमीचा पंच्याऐंशी मीटर उंचीचा पुतळा आहे, तिथं दर वर्षी फुलं ठेवून येतात. हे बोलता बोलता सहज बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं, की त्यांची सख्खी बहीण खारकीवला आहे. युक्रेनमध्ये. मार्च २०२२पासून ती फोन उचलत नाही. ते रोज सकाळी तिला मेसेज टाकतात. उत्तर येत नाही, पण संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा उमटतात.

‘म्हणजे आहे,’ ते म्हणाले आणि गाडी पुन्हा सुरू केली.

या माणसाला कुणी सर्वेक्षणात विचारलं तर तो सरकारच्या बाजूनं मत नोंदवेल, आणि ते खोटं नसेल. निळ्या खुणांचा रकाना मात्र कुठल्याच सर्वेक्षणात नसतो. अण्णा भाऊंचा पुतळा बसला त्याच्या बरोबर आठवड्यानं, २१ सप्टेंबरला, रशियात अंशतः सैन्यभरती जाहीर झाली. पुढं मी त्या ग्रंथालयात गेले. वाटेगावच्या माणसाला तिथं पाहून ऊर भरून आला, आणि त्याच आठवड्यात त्या शहरातल्या किती घरांत काय झालं असेल हा विचारही आला. दोन्ही गोष्टी एकदमच मनात होत्या.

तरुण पिढीचं निराळं आहे. खरेदीदाराच्या कचेरीत जहाजांचं आणि कागदांचं काम बघणारा एक मुलगा आहे, तिशीच्या आतला, अतिशय हुशार. पहिल्या भेटींत तो मला त्याच्या शहराची यंत्रं हौसेनं दाखवायचा. मॉस्कोच्या मेट्रोत २०२१च्या ऑक्टोबरपासून नुसता चेहरा दाखवून तिकिटाचे पैसे कापले जातात, ते त्यानं मला करून दाखवलं होतं. खिशात पाकीट न ठेवणारी ती पिढी. मार्च २०२२मध्ये परदेशी कार्डांच्या कंपन्यांनी रशियातून अंग काढलं, फोननं पैसे देण्याच्या सोयी गेल्या, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सरकारनं बंद केलं. नंतर भेटला तेव्हा तो माझ्याशी सगळ्यात जास्त कशावर बोलला असेल, तर यावर. आधी मला ते उथळ वाटलं. पण त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ‘मी कुणाचं काय केलं होतं? माझं सरकार मला विचारत नाही आणि तुमचं जग मला शिक्षा देतं.’ त्याला युद्ध नको होतं आणि पश्चिमेचाही राग होता. आपल्याकडं टीव्हीवर या दोन गोष्टी एका माणसात बसत नाहीत, त्याच्यात बसत होत्या.

त्याच्याकडं दोन फोन आहेत. एकात बँक, सरकारी सेवांचं ॲप आणि कचेरी. दुसऱ्यात बंदी चुकवून बातम्या बघायची सोय आणि टेलिग्रामवरचे दोन्ही बाजूंचे गट. एप्रिल २०२३मध्ये कायदा झाला, की सैन्याची नोटीस त्या सरकारी ॲपवर आली तरी ती हातात मिळाल्यासारखीच धरली जाईल. तेव्हापासून तो ॲपची घंटी वाजली की आधी माझ्याकडं बघतो, मग स्क्रीनकडं. भरती जाहीर झाल्यावर त्याचे मित्र तिबिलिसी, येरेवान, बेलग्रेड असे पांगले. तो थांबला, कारण आई एकटी आहे. सगळे गेले तर आयांकडं कोण बघणार, असं म्हणाला. सांगलीतून पुण्याला आणि पुण्यातून परदेशी गेलेल्या मुलांच्या आया मी रोज बघते, त्यामुळं यावर मला काही बोलता आलं नाही.

आता त्या तपासनीस बाईंकडं वळते.

२०२३च्या हंगामात त्या सावळजच्या बाजूला एका बागेत होत्या. बागायतदार चांगला, मुलगा शिकलेला, इंग्रजी बोलणारा. गडीमाणसं, शेजारी, गावातले चार जण जमले होते. परका माणूस बागेत आला की आपल्याकडं गर्दी होतेच. एक आबा पुढं होऊन म्हणाले, ‘बाई, इचारा की त्यास्नी, पुतीन माणूस कसा हाय? टीव्हीवर तर लई वाघ दिसतोय.’ रशियाबद्दल आमच्या भागात जुनं प्रेम आहे. ९ ऑगस्ट १९७१चा करार आणि त्याच वर्षीची लढाई आठवणारी माणसं अजून गावात आहेत. ज्या काळात कुणी आपल्या बाजूनं नव्हतं तेव्हा रशिया होता, हे त्यांच्या मनात पक्कं आहे. आबांचा प्रश्न प्रेमाचाच होता. बाई हसल्या आणि म्हणाल्या, द्राक्ष छान आहे. मीही विषय बदलला. पण मुलानं इंग्रजीत थेट विचारलं, युद्धाबद्दल तुम्हाला काय वाटतं? आणि त्या बोलून गेल्या, की हे भयंकर आहे, लवकर थांबायला पाहिजे. तीन-चार वाक्यं. मुलाचा फोन समोर होता.

संध्याकाळी ते त्याच्या स्टेटसला होतं. रशियाचा झेंडा, खाली कडक संगीत आणि वर ‘रशियन मॅडमचं युद्धावर बेधडक मत’. मी ते बाईंना दाखवलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी विसरू शकत नाही. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, ‘माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे.’

बागायतदाराच्या मुलाला फोन केला, त्यानं त्या क्षणी काढून टाकलं. पण तोवर कुणीतरी ते उचलून बागायतदारांच्या दोन गटांवर टाकलं होतं. त्या गटांतून आणखी कुठं. ती रात्र मी एकेकाला फोन करण्यात घालवली. कुणीही वाद घातला नाही. जो तो ‘अहो ताई, आम्हाला काय माहीत’ म्हणत काढून टाकत होता. सकाळी तो मुलगा आईला घेऊन आला. आई बाईंच्या पाया पडायला वाकली, बाईंनी तिला मधेच धरलं. त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्याकडं बारशापासून दहाव्यापर्यंत सगळं स्टेटसला जातं आणि त्यानं कुणाचं काही बिघडलेलं त्यानं पाहिलेलं नव्हतं. आपल्या खिशातला फोन दुसऱ्या देशातल्या माणसाला तुरुंगात घालू शकतो, ही गोष्ट त्याच्या किंवा कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. सुदैवानं पुढं काही झालं नाही. पण त्या हंगामात बाई पुन्हा बागेत गेल्या नाहीत. लॉट पॅकिंग हाउसमध्येच बघायच्या.

आणि तिथंच, पुढच्या वर्षी, मला वेगळं काही दिसलं. पॅकिंग हाउसमध्ये दोनेकशे बाया कामाला असतात. डोक्याला टोपी, हातात मोजे, लहान कात्री. घड उजेडात धरायचा, फुटका, बारका, डागाळलेला मणी नेमका कापायचा, वजन करून पाउचात भरायचा, पाउच पेटीत. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर तो मणी महिन्याभरानं पीटर्सबर्गला पोहोचेपर्यंत सडून सगळा पाउच घालवतो, म्हणून टोक मण्याकडं न धरता देठाच्या अंगानं धरायचं, हे त्या नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवतात. बाई त्या टेबलाशी उभ्या राहून एकेक पाउच उघडून बघत होत्या. मिरजेकडून येणाऱ्या एका वयस्कर काकींनी हातातलं काम न थांबवता मला म्हटलं, ‘इचार की गं, पोरंबाळं किती हाईत?’ मी विचारलं. एक मुलगा. ‘काय करतोय? लगीन झालं का? जेवण कोण करून घालतंय, आई हितं असताना?’

बाई उत्तरं देत गेल्या. मुलगा अभियंता आहे. लग्न नाही. जेवण स्वतः करतो. मग थांबल्या आणि म्हणाल्या, तो घराबाहेर फारसा पडत नाही, स्टेशनवर पोलीस कागद तपासतात. त्याच्या वर्गातले दोघे गेले, पैसे भरपूर मिळतात म्हणून सही करून गेले. एक आला नाही. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या कात्र्या थांबल्या. काकींनी मोजे काढले, बाईंच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘माझा बी फौजेत हाय. जम्मूला.’ ते भाषांतर करायची गरज पडली नाही. जम्मू हा शब्द बाईंना कळण्यासारखा नव्हता, बाकी सगळं कळलं होतं.

मी इतकी वर्षं रशियन माणसांत वावरले, त्यातलं युद्धावरचं सगळ्यात खरं बोलणं त्या टेबलाशी ऐकलं. तिथं कुणी मत विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी पीटर्सबर्गला त्यांच्या घरी गेले. चौथ्या मजल्यावरचं जुनं घर, अरुंद स्वयंपाकघर, खिडकीत बडीशेपेची कुंडी. आत जाण्याआधी त्यांनी स्वतःचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावला आणि माझाही मागून घेतला. कुणी ऐकतं की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. सवय झाली होती. त्यांची आजी लेनिनग्राडच्या वेढ्यातून वाचलेली. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, आठशे बहात्तर दिवस. सगळ्यात वाईट काळात कामगार सोडून इतरांना माणशी दिवसाला एकशेपंचवीस ग्रॅम पाव, त्यातही भुसा मिसळलेला. बाई आजही ताटलीतले पावाचे कण बोटानं टिपून खातात, तपासणीच्या टेबलावर ब्रिक्स मोजणाऱ्या त्याच बोटानं. मला म्हणाल्या, ‘आम्हाला शाळेत शिकवलं की आपण युद्ध सुरू करत नाही, आपण ते संपवतो. माझा सगळा जन्म त्या एका वाक्यावर उभा होता.’ पुढं बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग चिडून म्हणाल्या, परदेशातला कुणी येऊन मला विचारतो की तुम्ही रस्त्यावर का उतरत नाही, तेव्हा मला त्याला घराबाहेर काढावंसं वाटतं. त्यांना आपल्या देशानं केलेल्याची लाज वाटत होती आणि त्या देशावरच त्यांचं प्रेमही होतं. कचेरीत याच बाई ‘राजकारणात मला रस नाही’ म्हणतात. मी दोन्ही ठिकाणी हजर होते आणि दोन्ही ठिकाणी त्या मला प्रामाणिकच वाटल्या.

मे २०२५मध्ये हे सगळं माझ्या अंगावर आलं. ७ तारखेला पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि पुढचे चार दिवस सांगलीत जवळजवळ प्रत्येक घरात टीव्ही चालू होता. आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गावागावांत फौजी आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर नावच अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात मेलेल्या शेहेचाळीस जणांचं स्मारक तिथं आहे. माझ्या शेजारचा मुलगा तेव्हा सीमेवर होता. आमच्या गल्लीत एकच टीव्ही बंद होता, त्याच्या आईवडिलांचा. बाकीच्या घरांत कुणी लाहोर घेत होतं, कुणी कराची. मोबाईलवर कुठले तरी जुने व्हिडिओ आजचे म्हणून फिरत होते. शेजारच्या वहिनी फोन हातात धरून पायरीवर बसून असायच्या, बोलायच्या नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात मॉस्कोत ड्रोनमुळं विमानतळ बंद पडत होते आणि ९ मेच्या विजयदिनाच्या संचलनासाठी मोबाईलचं इंटरनेट तोडलं जात होतं. तरीही कचेरीच्या वायफायवरून त्या दोन फोनवाल्या मुलाचा मेसेज आला. तुमच्याकडं सगळे ठीक ना? तुम्हाला काय वाटतं, पुढं काय होईल? मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी पाठवलं ते असं: घरी सगळे बरे आहेत, शेजारचा मुलगा सीमेवर आहे, त्याचा फोन लागत नाही. वाचून बघितलं तर रशियन माणसं मला वर्षानुवर्षं देत आलेलं उत्तरच मी दिलं होतं. माझ्याकडं मत नव्हतं असं नाही. पण वहिनी पायरीवर बसलेल्या असताना ते परक्या माणसाला लिहून पाठवावं असं वाटलं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मला आणखी एक काम लागलं आहे, बिनपगारी. ओळखीतून आईबाप फोन करतात. मुलगा रशियात मेडिकलला आहे, काळजी करू का? किंवा एजंटानं रशियात नोकरी सांगितली आहे, पाठवू का? भारतातली काही तरुण मुलं अशी नोकरी समजून गेली आणि सैन्यात भरती झाली, काही परत आलीच नाहीत. जुलै २०२४मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला तेव्हा ते सगळ्या देशाला कळलं. मी त्या तपासनीस बाईंना विचारलं होतं, काय सांगू या लोकांना. त्यांनी सांगितलेलं मी शब्दशः पुढं सांगते: जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी. सांगलीतल्या प्रत्येक आईबापाला मी हेच सांगते आणि इथंही सांगते.

ऑगस्ट २०२५मध्ये रशियात व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरचे कॉल रोखले गेले. आमचा लॉट पास व्हायचा तो बराचसा व्हिडिओ कॉलवर. मणी कापून कॅमेऱ्यासमोर धरायचा, देठ दाखवायचा, रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा दाखवायचा, आणि पलीकडून बाई मान हलवायच्या. ते गेलं. १ सप्टेंबरपासून तिकडं विकल्या जाणाऱ्या नव्या फोनवर मॅक्स नावाचं देशी ॲप आधीच घातलेलं असतं. बाई म्हणतात, कामापुरतं घेईन, पण त्यावर फक्त द्राक्षं बघीन. आता आम्ही फोटो ईमेलनं पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हापासून माल पोहोचायलाही वेळ लागतो, त्यात ही भर. धंदा चालू आहे. बाईंचा मुलगा घरी आहे. ड्रायव्हरकाका निवृत्त झाले, बहिणीचा मेसेज अजून आलेला नाही.

तेव्हा ‘तुमचा रशियन माणूस काय म्हणतो’ याचं माझ्याकडं एका वाक्यात उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडं असं एका वाक्यातलं उत्तर असतं त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. बागायतदार बंधूंना मात्र एक विनंती आहे. जानेवारीत पाहुणे पुन्हा येतील. त्यांना चहा द्या, बाग दाखवा, पोरंबाळं विचारा, दराला घासाघीस करा. व्हिडिओ काढायचा तर घडाचा काढा. आणि कुणी विश्वासानं मनातलं काही बोललंच, तर ते ऐका आणि आपल्यापाशी ठेवा. त्यांचा चेहरा आणि आवाज स्टेटसला लावू नका.